शिंग मोडलं तरी बैल तो बैलच

अमळनेरला माझं जनरल स्टोअर्स आहे. वह्या-पेनं, बांगड्या, श्रावणात राख्या, आणि काउंटरच्या मागे जमिनीपासून छतापर्यंत खेळणी. २१ वर्षं त्या भिंतीला पाठ लावून बसलोय. त्यामुळे खेळण्यांवर दोन शब्द बोलायचा हक्क आपल्याला आहे, असं मी धरून चालतो. थोडी शरमही आहे. कारण जे विकतो त्यातलं निम्मं मी घरी नेत नाही.

निमित्त झालं दिवाळीच्या आवराआवरीचं. बायकोने माळ्यावरून युरियाची एक गोणी खाली ढकलली. "दुकानदाराच्या घरचा माल आहे, तुम्हीच निवडा," म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली. गोणी ओट्यावर पालथी केली. थोरली आठवीत, धाकटा दुसरीत, म्हणजे १०-१२ वर्षांचा ऐवज. दिवा न लागणारी पोलीसगाडी. पंखा तुटलेलं हेलिकॉप्टर. पोट दाबलं की गाणं म्हणणारी बाहुली, जी आता नुसती खर्र करते. सेल गळून आतल्या पट्ट्या हिरव्या पडलेला रोबो. आणि सगळ्याच्या तळाशी पोळ्याचा मातीचा बैल, एका शिंगाचा.

धाकट्याने झडप घालून तो बैल उचलला. "अरे, हा इथे होता होय!" मी म्हटलं, शिंग मोडलंय त्याचं, टाकायचा का? तर म्हणतो, "पप्पा, तो म्हातारा आहे. म्हाताऱ्याला गाडीला जुंपत नाहीत. तो गोठ्यात बसून बाकीच्यांवर लक्ष ठेवतो." मग पोलीसगाडी दाखवली. आणि ही? "ती बिघडलीय." संपला विषय.

गाडी ४५० रुपयांची, बैलांची जोडी ४० ची. गाडीची चाकं शाबूत, दारं उघडतात, काचेला तडा नाही. फक्त दिवा आणि सायरन गेलेत, तरी ती बिघडलेली. बैलाचं शिंग गेलं, शेपटी गेली, जोडीदार तर दुसऱ्याच दिवशी फुटला, तरी तो बैल. उलट त्याचं वय वाढलं, त्याला हुद्दा मिळाला.

खेड्यावरून बाजाराला आलेली मावशी खेळणं हातात घेते, उलटंपालटं करते आणि विचारते, "भाऊ, हाई कितला दिन टिकी?" माझं ठरलेलं उत्तर, "वापरण्यावर आहे." खोटं नाही, पण पळवाट आहे. पोराच्या हातात गेलेली वस्तू मोडणारच. ती मोडल्यावर मागे काय उरणार, हे मावशीने विचारलं तर मात्र मला उत्तर द्यावं लागेल. आणि मग भिंतीवरचा बराच माल मला तिच्यासमोर काढताच येणार नाही.

बटण दाबल्यावर एकच करामत करणारं खेळणं त्या करामतीवरच उभं असतं. माकड झांजा वाजवतं, पोर दोन दिवस बघतं, तिसऱ्या दिवशी आजीला दाखवतं, चौथ्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर शोधतं. आईबाप म्हणतात, कार्ट्याने तोडलं. अहो, त्याने तोडलं नाही, त्या खेळण्यात करण्यासारखी तेवढी एकच गोष्ट शिल्लक होती.

ठोकळ्यांचं उलट आहे. १०० पैकी १० सोफ्याखाली गेले तरी ९० उरतात, आणि ९० ठोकळ्यांचं घर काही पडकं दिसत नाही. मात्र ठोकळ्यात सगळा खेळ पकडीचा. लेगोचा १९५८ सालचा ठोकळा आणि आज घेतलेला ठोकळा एकमेकांत घट्ट बसतात, हे मला धंद्यातलं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं. आताचं ते एबीएस नावाचं कडक आणि चिवट प्लास्टिक, आणि साच्याचं माप केसभरही इकडेतिकडे नाही. आमच्या गिऱ्हाइकाला ती किंमत परवडत नाही, मलाही नाही. पण पिशवीतल्या स्वस्त ठोकळ्यांतही उजवं-डावं असतं. चार-पाच एकावर एक लावायचे, वरचा चिमटीत धरून उचलायचे आणि हलकासा झटका द्यायचा. खालचे गळाले तर आठवडाभरात सगळेच गळणार. मागेल त्याला मी पाकीट फोडून हे करून दाखवतो. न मागणाऱ्यालाही दाखवायला हवं. गर्दीत होत नाही, खरं सांगतो.

आपल्याकडे खेळण्याची खरी परीक्षा असते मे महिन्याच्या दुपारी. पारा ४४-४५ ला, अकरा ते पाच पोरांना उंबऱ्याबाहेर सोडायची सोय नाही, त्यात लाईट गेली की कूलर बंद आणि पोरं चालू. त्या वेळी आमच्या घरात वडिलांचा कॅरम निघतो. बोर्डाला माझ्याएवढीच वर्षं झाली असतील. एका पावसाळ्यात गळक्या भिंतीला टेकून राहिला आणि त्याचा एक कोपरा फुगला. तेव्हापासून स्ट्रायकर तिकडे आपोआप ओढला जातो. थोरली त्या कोपऱ्याला 'उतार' म्हणते आणि तो हिशेबात घेऊनच नेम धरते. पाहुणा खेळायला बसला की हमखास हरतो. १९ सोंगट्यांतल्या दोन हरवल्या; त्यांच्या जागी कोटाची दोन मोठी बटणं आहेत. नवा बोर्ड दुकानात लटकतोय, घरी आणू का विचारलं, तर दोघंही नको म्हणाले.

उन्हावरून आठवलं. दर जून-जुलैत कोणी ना कोणी तीनचाकी सायकल किंवा घसरगुंडीचा तुकडा घेऊन माझ्याकडे भांडायला येतं. "शेठ, वरीस नही झाया आनि तुटनी!" विचारावं, कुठे ठेवली होती? गच्चीवर. आता आपल्या गच्चीवर उन्हाळाभर पडलेलं प्लास्टिक आतून मरतं. उन्हातले अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात; रंग फिका पडतो, हात फिरवला तर बोटांना खडूसारखी पूड लागते. ती पूड दिसली की समजायचं, आता पोराला वर बसवू नका, कट्टकन तुटणार. सावलीत ठेवली असती तर तीच सायकल धाकट्या भावालाही पुरली असती. कंपनी अशा तक्रारी घेत नाही, मी बिचारा मधल्यामधे शिव्या खातो.

ज्यात दुकानदाराला पाच पैसे सुटत नाहीत असं एक खेळणं सांगतो. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व ट्यूब. अरविंद गुप्तांनी होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कार्यक्रमात असताना हे बसवलं; टाकाऊतून खेळणी करण्यात त्यांनी आयुष्य घातलं आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ट्यूबचे सेंटिमीटरभर तुकडे कापायचे, काड्यांचं गुल खरवडून काढायचं आणि तुकड्यात दोन्हीकडून काडी खुपसायची. झाला सांधा. थोरलीने एका मे महिन्यात आधी चौकोन केला. बोटाने ढकलला की तिरका होऊन आडवा पडायचा. तिने तीनदा केला, तीनदा पडला. मग त्रिकोण केला आणि ढकलला, तर तो हललाच नाही. ती तशीच बाहेर ओट्यावर गेली आणि समोरच्या मोबाइल टॉवरकडे बघत उभी राहिली. "पप्पा, वरपर्यंत सगळे त्रिकोणच आहेत!" सगळा खर्च सायकलच्या दुकानात झाला, माझ्या गल्ल्यात काही आलं नाही. काडी मोडली तर दुसरी काडी.

असंच काहीतरी मी लहानपणी बोरी नदीच्या वाळूत पाहिलं होतं. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, एकादशीला रथ निघतो आणि पौर्णिमेला पालखी. पिपाण्या, भिरभिरी, फुगे, आणि एका कोपऱ्यात पाण्याने भरलेल्या घमेल्यात गोल गोल फिरणारी पत्र्याची फटफट होडी. तिच्या पोटात एक चपटी डबी असते आणि मागे पाण्यात बुडलेल्या दोन बारीक नळ्या. डबीत पाणी भरून खाली तेलाची वात लावली की वाफ नळीतलं पाणी मागे ढकलते, होडी पुढे सरकते. वाफ थंडावली की पाणी पुन्हा आत ओढलं जातं आणि पुन्हा तेच. इंग्लंडात १८९१ सालीच तिच्या पेटंटची नोंद झालीय. माझी होडी घरच्या परातीत दोन दिवस चालली, मग झाळ सुटली. वडिलांनी ती रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊन पुन्हा झाळून आणली. दुसऱ्यांदा सुटली तेव्हा वात काढली आणि नुसती होडी म्हणून चार पावसाळे गल्लीतल्या पाण्यात सोडली. (हे खेळणं पोराला एकट्याने द्यायचं नाही, वात पेटती असते. मी शेजारी बसतो. खरं तर मलाच बसायचं असतं.)

भोवऱ्याबद्दल वेगळं लिहायला नको. इतकंच सांगतो, की म्हातारं गिऱ्हाईक नातवासाठी भोवरा घेताना रंग बघत नाही, उलटा करून विचारतं, "आर लोखंडनी शे ना?" आर, म्हणजे खालचं टोक, निघाली तर खिळा ठोकता येतो, जाळी, म्हणजे दोरी, तुटली तर पायजम्याची नाडी. लाईट लागणाऱ्या प्लास्टिकच्या भोवऱ्याचं तसं नाही. लाईट गेली की पोराच्या लेखी भोवरा गेला, फिरत असला तरी. बेब्लेडला काही लोक नाकं मुरडतात, मी मुरडत नाही. १९९९ मध्ये जपानने आपलाच भोवरा नवे कपडे घालून पाठवला. त्याचे भाग सुटे होतात, पोरं आपसांत अदलाबदल करतात, म्हणूनच तो इतकी वर्षं विकला जातोय.

विकणारा म्हणून एक गोष्ट मात्र दटावून सांगतो. शर्टाच्या बटणाएवढा चपटा सेल असलेलं खेळणं घेताना सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे का, ते बघा. नखाने उघडत असेल तर परत द्या, मला द्या, कोणालाही द्या. तो सेल पोराने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. तसा संशय जरी आला तरी घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. एका पुरवठादाराने मला अशाच सैल झाकणांची अख्खी पेटी पाठवली होती. परत घ्यायला तो तयार नव्हता, शेवटी नुकसान सोसून मी ती फोडून टाकली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना तेवढी सूट आहे. त्याआधी २०२० मध्ये आयातीवरचं शुल्क २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. धंद्यात आम्ही ओरडलो. पण पूर्वी उघडताच रॉकेलसारखा वास मारणारी खोकी यायची, ती माझ्याकडे तरी यायची थांबली.

आणि वाढदिवसाचे रिटर्न गिफ्ट! "३० पीस द्या, ५० रुपयांच्या आतले, मोठे दिसले पाहिजेत." मोठे दिसले पाहिजेत, ही अट आली की मला कळतं कुठल्या फळीवर हात घालायचा. महिन्याचा बराच गल्ला ह्याच फळीवर येतो, त्यामुळे फार बोलत नाही. एकदा एका ताईंना म्हटलं, तेवढ्याच पैशांत एकेक भोवरा आणि चार-चार गोट्या द्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, लोक काय म्हणतील?" मी ३० पोकळ बाजे बांधून दिले.

गोणीचं काय झालं ते राहिलंच. हेलिकॉप्टर आणि बाहुली भंगारवाल्याकडे गेली. रोबोचे गळके सेल फडक्याने धरून वेगळे काढले, थोरलीने हवी होती म्हणून त्याची मोटर काढून घेतली. पोलीसगाडी मी टाकायला निघालो, तर धाकट्याने अडवली. आम्ही दोघांनी मिळून तिचे चार स्क्रू काढले, छत उचललं, दिवा, सायरन, वायरी सगळं बाहेर. आत बैल मावेल एवढी जागा निघाली. काल दुपारपासून म्हाताऱ्याला त्या गाडीतून दवाखान्यात नेणं चालू आहे. सायरन धाकटा तोंडाने वाजवतो. बायको म्हणते, आता हा कधी बंद होणार?