फोनवर डॉक्टर मिळतो, मग फिरता दवाखाना कशाला?

दुर्गम गावांच्या आरोग्यसेवेविषयी एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा की, आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, डॉक्टर पडद्यावर भेटतो, औषधे ड्रोनने पोहोचतात आणि सरकारी कामे घरबसल्या होतात. तेव्हा महिन्यातून एकदा येणाऱ्या फिरत्या दवाखान्यांवर इंधन जाळण्यापेक्षा तो पैसा कायमस्वरूपी रुग्णालयांकडे वळवावा. वाचताक्षणी हे पटते, परंतु एकेक विधान तपासू लागले की त्यातले फारच थोडे टिकते.

‘प्रत्येकाच्या हाती’ हे तर सरळच चूक आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील ८३ टक्के शहरी लोक इंटरनेट वापरतात, ग्रामीण भागात हे प्रमाण ४८ टक्के आहे.

पडद्यावरच्या डॉक्टरचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण आपण आजारी आहोत हे रुग्णाला आधीच ठाऊक असते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना त्याची कल्पनाच नसते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे; ज्याला काही होतच नाही तो डॉक्टरला फोन कशासाठी लावील? क्षयरोगाच्या अनेक देशांतील पाहण्यांमध्येही, ज्यांना रोग आढळला त्यांच्यापैकी निम्म्यांच्या आसपास लोकांनी कोणतीही ठळक तक्रार सांगितली नव्हती. असे रुग्ण दंडाला पट्टा बांधून, छातीचा एक्स-रे काढून, म्हणजे कोणीतरी यंत्र घेऊन त्यांच्यापर्यंत गेल्यावरच सापडतात. एक्स-रे वाचण्यासाठी तज्ज्ञ सोबत असलाच पाहिजे असेही आता राहिलेले नाही. क्षयरोगाच्या तपासणीसाठी संगणकाकडून असे वाचन करून घेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. नव्या तंत्राने गाडी निरुपयोगी ठरवली नाही, उलट तिची उपयुक्तता वाढवली. गरोदर स्त्रीचे पोट तपासणे, बाळाला लस टोचणे किंवा दुखरा दात काढणे ही कामे तर पडद्यावरून होणारच नाहीत.

या बाबतीत ऑस्ट्रेलियाचा अनुभव मला सर्वांत बोलका वाटतो. तेथे १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधील क्लॉनकरी येथून विमानाने डॉक्टर पाठवण्याची सेवा सुरू झाली आणि लगेच पुढच्या वर्षी पायडल मारून चालणारा रेडिओ वापरात आला. पुढे दूरच्या वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवण्यात आल्या, प्रत्येक औषधाला क्रमांक देण्यात आला आणि कोणत्या क्रमांकाचे औषध घ्यावे हे डॉक्टर दुरूनच सांगू लागला. दुरून सल्ला देण्याचा इतका जुना अनुभव गाठीशी असलेली ही संस्था आजही ठरलेल्या वेळी विमाने पाठवून गावोगावी दवाखाने भरवते.

ड्रोनचे उदाहरण म्हणून रुआंडाचे नाव घेतले जाते. २०१६ पासून तेथे ड्रोनने रक्त पोहोचते हे खरे आहे. मात्र ते रुग्णालयात पोहोचते, जेथे ते चढवणारा माणूस हजर असतो.

‘सरकारी कामे घरबसल्या’ हे विधान ज्यांची कागदपत्रे तयार आहेत त्यांच्यापुरते खरे आहे. युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे जगात पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी बालकांच्या जन्माची नोंदच झालेली नाही. नोंद नाही म्हणून ओळखपत्र नाही, ते नाही म्हणून खाते नाही आणि खाते नाही म्हणून निवृत्तिवेतन किंवा अनुदान नाही, अशी ही साखळी पहिल्याच कडीपाशी तुटते. पेरूमध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यात नौदलाच्या बोटी नदीकाठच्या वस्त्यांवर जातात, तेव्हा त्यांवर आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर ओळखपत्राची नोंदणी करणारे आणि बँकेचे कर्मचारीही असतात. मुलाला तपासणीसाठी घेऊन आलेल्या आईची कागदपत्रांची कामे त्याच धक्क्यावर उरकावीत, हा या योजनेतला शहाणपणा आहे.

राहिला महिन्यातून एकदाचा आणि खर्चाचा मुद्दा. येथे टीकाकारांचे काही अंशी बरोबर आहे: अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला माणूस गाडीच्या वाराची वाट पाहू शकत नाही, त्यांच्यासाठी जवळ रुग्णालय आणि तेथवर नेणारी रुग्णवाहिकाच हवी. परंतु काहीशे लोकांच्या वस्तीत दंतवैद्याला किंवा नेत्रतज्ज्ञाला रोज पुरेल एवढे काम नसते. तोच तज्ज्ञ फिरता असला तर अनेक वस्त्यांच्या उपयोगी पडतो. केव्हाही येणारी, जुनी नोंद सोबत नसलेली आणि चार दिवसांच्या गोळ्या देऊन निघून जाणारी गाडी खरोखरच वाया जाते, हे मान्य करायला हवे. त्यावर उपाय म्हणून वार पक्का करावा, रक्तदाबाच्या रुग्णाला पुढच्या फेरीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या द्याव्यात आणि मधल्या काळात गावातील आरोग्यसेविकेने त्याच फोनवरून डॉक्टरशी बोलावे.