गोल मारून न नाचलेला मार्ट पूम

काल रात्री परत तो गोल बघितला. कितव्यांदा ते मोजत नाही आता. २० सप्टेंबर २००३, इंग्लंडमधल्या डर्बी ह्या फुटबॉल क्लबचं मैदान प्राइड पार्क, पाहुणा क्लब संडरलंड १-० ने मागे, नव्वद मिनिटं संपून वरचा वेळ चालू आणि संडरलंडचा गोलकीपर मार्ट पूम स्वतःचा गोलपोस्ट सोडून थेट समोरच्या बॉक्समध्ये. बॉल आला आणि ह्या उंचापुऱ्या एस्टोनियन माणसाने असा सणसणीत हेडर मारला की भल्याभल्या स्ट्रायकरला जमणार नाही. १-१!

गोलकीपरच्या आयुष्यात असा गोल झालाच तर एकदा होतो. दुसरा कोणी असता तर शर्ट काढून अख्खं मैदान पालथं घातलं असतं. टीममधले सगळे आनंदाने वेडे झालेले आणि पूम मात्र जवळजवळ गप्प, कारण समोर डर्बी होतं, जिथे तो आदल्या वर्षापर्यंत खेळत होता, आणि ज्यांची मॅच त्याने हातातून काढून घेतली ते डर्बीचेच लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. मी स्वतः कॉलेजात कीपर होतो, म्हणून असेल, पण हे बघताना माझा घसा दरवेळी दाटून येतो.

लोक म्हणतात आर्सेनलमध्ये जाऊन त्याने काय केलं, लीगची एकच तर मॅच खेळला. अरे पण लोकप्रियता ट्रॉफीवर मोजायची का? डर्बीकडून पहिली मॅच कुठे खेळला बघा, एप्रिल १९९७, ओल्ड ट्रॅफर्ड, समोर मँचेस्टर युनायटेड, आणि डर्बी ३-२ ने जिंकलं. त्यानंतर त्याने बॉल पकडला की डर्बीचं पब्लिक लांबलचक "पूऽऽऽम" करून ओरडायचं, नवख्याला वाटावं की हुर्यो उडवतायत.

आणि एस्टोनियाचं तर विचारूच नका. जेमतेम तेरा लाखांचा देश, १९९१ ला परत स्वतंत्र झाला आणि १९९२ ला नॅशनल टीम पुन्हा उभी राहिली तेव्हापासून हा गोलमध्ये. टीम हरायची, बऱ्याचदा हरायची, समोरून बॉलचा मारा चालू आणि हा एकटा आडवा, वर गुडघ्याच्या दुखापतींनी कित्येक महिने खाल्ले, तरी १२० मॅचेस खेळला. प्रीमियर लीगच्या टीव्हीवर आपल्या देशाचं नाव ह्या एका माणसामुळे ऐकू येतंय, हे तिथल्या पोरांना काय वाटत असेल! २००३ मध्ये युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, पन्नाशीनिमित्त एस्टोनियाने गेल्या पन्नास वर्षांतला आपला सगळ्यात मोठा खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं, ह्यात मला तरी काही नवल वाटत नाही.

१० जून २००९ ला टॅलिनमध्ये त्याची निरोपाची मॅच झाली, समोर पोर्तुगाल. स्कोअर ०-०. कीपरला आणखी काय हवं असतं यार.