ऑइल वाढतंय, म्हणे चांगलंय!

ट्रॅक्टरच्या इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप गळायला वाफसाच बरा सापडतो! वर्षभर शेडमध्ये गप्प उभा असलेला ट्रॅक्टर ऐन पेरणीत गळायला लागतो, आणि बांधावरचा प्रत्येक जण मिस्त्री होतो. ‘वायसर बदल.’ ‘साबण चोळ.’ अरे, नळीच्या तोंडाशी गळत असतं तर ठीक होतं. इथं पंपाच्या शाफ्टचा सील गेलाय, डिझेल आतल्या आत इंजिनात उतरतंय. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढली तर ऑइल खुणेच्या वर, बोटावर पाण्यासारखं पातळ, वास डिझेलचा. त्यावर एक शहाणा म्हणतो, ‘ऑइल वाढतंय, चांगलंय की!’ असल्या पातळ ऑइलावर बेअरिंगं वाजायला लागली की मग काय म्हणशील, बाबा?

बरं, पंप उतरवणाऱ्यानं टायमिंगची, म्हणजे पंप इंजिनाशी कसा जुळवून बसवायचा त्याची, खूणच केली नाही. बसवल्यावर स्टार्टर मारून मारून बॅटरी मेली, धूर तेवढा भसाभसा. किटमधला स्वस्त सील तर हंगामभरही टिकत नाही, डिझेलनं फुगतो. (हे दरवेळी होतं, तरी तोच गळ्यात मारतात.) पुन्हा फिल्टरचा स्क्रू सैल करा, फेस थांबेपर्यंत हातपंप दाबा, डिझेलच्या नळ्यांतली हवा काढा.

आता पंप तालुक्याला टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या यंत्रावर) पडलाय. पंपवाला म्हणतो, ‘सोमवारी या.’ कुठल्या सोमवारी, ते विचारायचं नाही.