नदी मासेमुक्त करण्याचे घरगुती उपाय

मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला आणि मी गावच्या बंधाऱ्यावर पाऊण तास उभा राहिलो. तिथं जे शिकलो ते एकट्यानं पोटात ठेवणं बरं नव्हे. तुमच्या नदीत अजून चार मासे शिल्लक असतील आणि त्याची तुम्हाला खंत वाटत असेल, तर हे करून बघा.

आधी मुहूर्त. हिवाळ्यात मासा धरण्यात अर्थ नाही, एक धरला तर एकच जातो. मिरगात तो पोटात गाभोळी घेऊन चढणीला लागतो, वरच्या ओढ्यात नाहीतर भातखाचरात अंडी घालायला. तेव्हाच गाठा. एका टोपात पुढच्या चार वर्षांचे मासे येतात. शिवाय जून-जुलैत समुद्रात बंदी, त्यामुळे भावही बरा. समुद्रातल्या माशाला 61 दिवसांची बाळंतपणाची रजा आहे. नदीतल्यानं अर्ज कुणाकडे करायचा ते अजून ठरायचंय.

पाग, गरी ही आजोबांची हत्यारं माळ्यावर टाका. त्यातून पिल्लं निसटतात. मच्छरदाणी आणा.

ब्लीचिंग पावडर पाण्याच्या टाकीसाठी येतेच. थोडी उरवा.

सुरुंग जुना झाला, आवाज होतो. पाण्यात शॉक द्यायला इन्व्हर्टरची बॅटरी बरी. 1897 च्या मासेमारीच्या कायद्यात स्फोटकं आणि विष, दोन्हींना मनाई आहे. इन्व्हर्टर त्या बिचाऱ्या इंग्रजाला कुठून सुचणार!

आता रामबाण उपाय: भिंत. मोठं धरण जमलं तर उत्तमच. फरक्का बराज 1975 साली सुरू झालं आणि पूर्वी गंगेतून पार अलाहाबादेपर्यंत जाणारा हिलसा खालीच अडकला. तेवढी ऐपत नसेल तर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा घ्या. खरं तर हा बंधारा मुळात वाईट नाही. पावसाआधी बर्गे, म्हणजे गाळ्यांतल्या आडव्या फळ्या, काढायचे, नदी मोकळी सोडायची, पाऊस सरला की परत घालायचे. मधल्या गाळ्यांतून मासा वर जाऊ शकतो. म्हणून ते बर्गे काढायचेच नाहीत. आमच्याकडे तीन वर्षं काढलेले नाहीत. खाचेत गंजून बसलेत, ठेकेदार म्हणतो मागचं बिल द्या, आणि सरपंच म्हणतात बघू. मी एका कार्यालयात गेलो. ते म्हणाले, बर्गे आमचे, मासे आमचे नाहीत. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, मासे आमचे, भिंत आमची नाही. तिथल्याच एका साहेबांना विचारलं, माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवतात ना भिंतीला? तर हसले. "मासे काय जिना चढणार?" चढतात हो साहेब! जगात कितीतरी धरणांवर चढतात! आणि आमच्या इथं तर जिनाही नसताना चढायला बघतात. एक वीतभर खवळा माझ्यासमोर अकरा वेळा उडाला. मोजलं मी. दर वेळी सिमेंटवर आपटायचा, दोन चंदेरी खवलं भिंतीला चिकटायची, खाली पडायचा, पुन्हा उडायचा. बाराव्या वेळी खाली धरलेल्या मच्छरदाणीत पडला आणि टाळ्या वाजल्या. एकानं पोट दाबून दाखवलं, पिवळीधमक गाभोळी त्याच्या चपलेवर सांडली. दुसरा व्हिडिओ काढत होता, "बघा, आपलं कोकण!"

शेवटी मत्स्यबीज सोडा. कुठलंही. फोटोत परदेशी तिलापिया आणि आपला महसीर सारखेच दिसतात.

घरी आल्यावर तात्या म्हणाले, "अरे, चढणीचे मासे आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोय, तुला आत्ताच काय झालं?" खातोय की तात्या. मीही खाल्लेत, ताटं चाटून. पण तुम्ही दोन टोप धरायचात तेव्हा बाकीचे वर निघून जायचे, त्यांना वाट होती. आता वाट आपणच बुजवलीय आणि बुजवलेल्या वाटेच्या तोंडाशी टोप घेऊन बसलोय. ह्याला परंपरा म्हणता? मग पुढच्या वर्षी "हल्ली मासाच मिळत नाही, सगळं केमिकलमुळे" म्हणून पारावर रडायला येऊ नका. बर्गे उपटायला चार माणसं आणि दोन पहारी लागतात, एका सकाळचं काम. परवा बंधाऱ्याखाली मच्छरदाणी धरायला सहा जण होते, आणि त्यातले दोन आपल्याच घरचे.