इतिहासाचे पुस्तक घेणे आहे

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचे असे आम्ही ठरवले, तेव्हा गणित कोण शिकवणार याची चौकशी कोणी केली नाही आणि इंग्रजीची तर मुळीच नाही; पण इतिहास कोणता शिकवणार, या प्रश्नावर मात्र नाशिकमधल्या इंदिरानगरपासून पंचवटीपर्यंतच्या आमच्या तमाम नातेवाइकांना मत होते आणि ते मला ऐकवल्यावाचून त्यांच्या घशाखाली चहा उतरत नव्हता. भागाकार सगळ्यांचा सारखाच असतो. इतिहासाचे तसे नाही.

थोरली नऊ वर्षांची आहे आणि धाकटा सात. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेमार्फत तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या परीक्षा देता येतात, हे मी भेटेल त्याला सांगून थकले आहे, त्यामुळे ते इथे पुन्हा सांगत नाही. माझी अडचण परीक्षेची नव्हतीच. दोन्ही मुलांना एकाच सतरंजीवर बसवून वाचून दाखवता येईल आणि वाचता वाचता मला स्वतःला डुलकी लागणार नाही, असे पुस्तक मला हवे होते.

पहिला सल्ला अर्थातच बालभारतीचा आला. ही पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात, भाषा सोपी असते आणि मागे स्वाध्यायही असतात. तक्रार असेल तर ती क्रमाबद्दल. चौथीला शिवछत्रपती आणि पाचवीला अश्मयुग अशी मांडणी असल्यामुळे जो विद्यार्थी चौथीत पेटाऱ्यात बसून आग्र्याहून सुटतो, तोच पाचवीत गुहेत राहायला जाऊन गारगोट्या घासू लागतो. आधी महाराज आणि मग मानव, हा क्रम महाराष्ट्रात कोणाला खटकण्याचे कारण नाही, आणि मलाही तो तत्त्वतः मान्य आहे. परंतु धाकट्याने एके रात्री ‘महाराजांच्या आधी इथे कोण राहायचं?’ असे विचारले, पाचवीचे पुस्तक चोरून चाळलेल्या थोरलीने ‘आदिमानव’ असे ठणकावून सांगितले, आणि तेव्हापासून तोरणा किल्ला आदिमानवाकडून घेतला अशी त्याची पक्की समजूत झाली आहे. ती काढताना माझ्या नाकी नऊ आले.

वाचनाची गोष्ट आणखी निराळी होती. नुकत्या वाचू लागलेल्या मुलांना जोडाक्षरविरहित पुस्तके द्यावीत असे जाणकार सांगतात, आणि कमळ, बदक, छगन यांच्यापुरते ते ठीकच आहे. इतिहासात मात्र जोडाक्षरांपासून सवलत कोणी ठेवलेली नाही. जिजाबाई, शहाजी, शिवाजी, अफजलखान, औरंगजेब ही मंडळी धाकट्याला सहज वाचता येतात. अडतात ती स्वराज्य, राज्याभिषेक आणि छत्रपती ही खरी महत्त्वाची माणसे आणि कामे. बोट ठेवून वाचत वाचत तो लाल महालापर्यंत अगदी सुरळीत येतो, शाहिस्तेखानाच्या ‘स्ते’पाशी थबकतो, आणि तेवढ्यात खान खिडकीतून निसटतो.

दुकानात गेल्यावर ‘कितवीचं?’ हा पहिला प्रश्न आला. आम्ही घरी शिकवतो, असे सांगताच दुकानदाराने अत्यंत सहानुभूतीने गाईड पुढे केले. मग मी स्वतःच फळीपाशी उभी राहून पुस्तके चाळू लागले. काहींमध्ये प्रत्येक राजा शूर, पराक्रमी, न्यायी आणि प्रजाहितदक्ष होता, इतका की मुखपृष्ठे फाडून टाकली असती तर कोणते पुस्तक कोणत्या राजाचे हे त्या राजालाही सांगता आले नसते. काही पुस्तके म्हणजे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांची, चित्रे घालून धाकटी केलेली, भावंडे होती आणि त्यांत सनावळीखेरीज काहीही नव्हते. भाषांतरित पुस्तकांचा कागद सुंदर, चित्रे त्याहून सुंदर, आणि त्यांतली मुले बर्फात खेळून घरी येत होती; आमच्या मुलांनी बर्फ पाहिला आहे तो रसवंतीगृहात.

शेवटी नाशिकपासूनच सुरुवात करावी असे मी ठरवले. पांडवलेणी डोळ्यांसमोर आहेत, सातवाहनांचे शिलालेख तिथे आहेत, मग दूर कशाला जायचे? आणलेल्या पुस्तकात गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल वाक्य होते, की त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले होते. मी ते चांगल्या खणखणीत आवाजात वाचले. धाकट्याने विचारले, ‘खारं पाणी घोडे कसे प्यायले?’

यावर पुस्तकात उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. सासरे म्हणाले, की राजाचे घोडे होते, त्यांना सवय असेल. त्यावर थोरलीने ‘मग तहान लागली की आणखी तहान लागत असेल’ असा शेरा मारला. मग आम्ही पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात जाऊन, घोड्यांचे ते वाक्य ज्यात आहे तो शिलालेख पाहून आलो. त्यातल्या ब्राह्मी लिपीतला ‘क’ गणितातल्या अधिक चिन्हासारखा दिसतो, हे कळल्यावर जोडाक्षरांना घाबरणाऱ्या धाकट्याने भिंतीवरचे जमतील तेवढे क शोधून काढले आणि त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या मजकुराला ‘बेरजा’ असे नाव दिले. घरी आल्यावर मी सांगितले, की हा लेख गौतमीपुत्राच्या आईने, म्हणजे गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी कोरवून घेतला. तोवर भाजी निवडत गप्प बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली.

‘आईनं लिहिलंय होय? मग थोडं जास्त असणारच,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या सासूबाई सांगायच्या, की ह्यांनी लहानपणी गोदावरीचा पूर पोहून पार केला होता.’

सासरे वर्तमानपत्राआड गेले. इतिहासाच्या साधनांची चिकित्सा कशी करावी, यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. आमच्या घरी तो विषय मेथीची जुडी संपायच्या आत निकालात निघाला. तेव्हापासून कोणतेही पुस्तक समोर आले की थोरली ‘हे कोणाच्या आईने लिहिलंय?’ असे विचारते. दुकानात तिने हाच प्रश्न त्या दुकानदाराला विचारला, तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यात गाईड पुढे करतानाची सहानुभूती पार आटलेली होती.

सासऱ्यांचा बदला नाण्यांनी घेतला. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला गौतमीपुत्राने हरवलेल्या क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला होता, हे मी वाचून दाखवत होते. पुस्तकातल्या छायाचित्रात डोंगरासारख्या चिन्हाखालून नहपानाचे नाक अजून डोकावताना दिसते, आणि मुले त्या नाकावर बेहद्द खूश झाली. सासऱ्यांची उभी हयात मात्र नाशिक रोडच्या नोटप्रेसमध्ये गेलेली. ‘एका छपाईवर दुसरी छपाई?’ ते ताडकन उठून बसले. ‘आमच्याकडे असं झालं असतं तर अख्खा ताव बाद, वर चौकशी!’ पराभूत राजाचे चलन वितळवत बसण्यापेक्षा वरून ठसा मारणे सोपे, शिवाय नाणे हातात घेणाऱ्याला राज्य बदलल्याचे आपोआप कळते, असे मी समजावले. त्यांना ते पटले नाही. गौतमीपुत्राविषयी त्यांचे मत त्या दिवसापासून साफ बिघडले आहे.

एका बाबतीत मात्र मी स्वतःच हट्टाला पेटले. काळाराम मंदिरासमोरून आमचे नेहमी जाणेयेणे असते, आणि २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथे सुरू झालेला सत्याग्रह मुलांच्या पुस्तकात कसा सांगितला आहे, हे मी आता सर्वांत आधी उघडून पाहते. मी चाळलेल्या बहुतेक पुस्तकांत तो असलाच तर एका ओळीत असतो, आणि ती ओळही ‘प्रवेश नव्हता’ अशी. शूर राजांच्या गोष्टींत प्रत्येक वाक्याला कर्ता असतो. इथे दार तेवढे आपोआप बंद होते. धाकट्याने ‘पण बंद कोणी केलं होतं?’ असे विचारले, तेव्हा त्याला जे सांगितले ते सोपे नव्हते, तरी त्याला समजले. ज्या पुस्तकाला हे सांगता येत नाही ते मी पुन्हा फळीवर ठेवते, मग त्याचा कागद कितीही गुळगुळीत असो.

सध्या आमचे भागते आहे ते ‘किशोर’च्या जुन्या अंकांवर. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे अंक वाचून धाकट्याचा ‘स्ते’ही सुधारला आहे. बाकी पुस्तकांची निवड अजून व्हायची आहे, परंतु सासऱ्यांना तेवढा धीर नाही. बाजारात एकही धड पुस्तक नाही असा निर्वाळा देऊन त्यांनी दोनशेपानी वही आणली आणि नातवंडांसाठी नाशिकचा इतिहास स्वतःच लिहायला घेतला आहे. पहिली चाळीस पाने १९२८ साली सुरू झालेल्या नोटप्रेसवर आहेत. सातवाहनांना त्यांनी परिशिष्टात टाकले असून, रामशेज किल्ल्याचे जागा उरली तर पाहू, असे ते म्हणतात.