लॉख लीव्हनच्या बेटावरची सही

स्कॉटलंडमध्ये किनरॉस गावच्या धक्क्यावरून छोटी नाव सुटते आणि दहाएक मिनिटांत लॉख लीव्हन तळ्यातल्या किल्ल्याच्या बेटावर आणून सोडते. तिथं राहतं कुणी नाही. चौदाव्या शतकातला चौकोनी मनोरा, पडकी तटबंदी, एक गोल बुरूज आणि झाडं. पूर्वी पाणी जवळजवळ तटाला भिडायचं. १८३० च्या दशकात तळ्याची पातळी उतरवली, म्हणून आता भोवताली हिंडता तरी येतं.

१७ जून १५६७ पासून साडेदहा महिने स्कॉटलंडची राणी मेरी इथं बंडखोर सरदारांच्या कैदेत होती. भेटेल तो तिच्या सुटकेची गोष्ट सांगतो. गोष्ट आहेच तशी! आधी ती परटिणीच्या वेशात निसटत होती, पण नाजूक गोरे हात बघून नावाड्यानं ओळखलं म्हणतात. मग २ मे १५६८ ला विली डग्लस नावाच्या पोरानं जेवणाच्या वेळी किल्ल्या लांबवल्या, राणीला दासीच्या कपड्यांत बाहेर काढलं, मागून दरवाजाला कुलूप घातलं आणि किल्ल्या तळ्यात फेकल्या.

मला मात्र त्या मनोऱ्यात उभं राहून आधीच्या जुलैचीच आठवण होत राहिली. याच बेटावर तिचा गर्भपात झाला. जुळी होती. त्यातून सावरायच्या आत, २४ जुलैला, पदत्यागाचे कागद तिच्यापुढं आले आणि धमकावून सही घेतली गेली. वय २४. पाच दिवसांनी तेरा महिन्यांच्या मुलाला राज्याभिषेक.

माझं पहिलं बाळ असंच पोटात गेलं, तेव्हा आठवडाभर मला साधा किराण्याचा हिशेब जुळत नव्हता. आई उशाशी बसून होती, तरीही. अशा बाईच्या हातात लेखणी देऊन राज्य लिहून घेणं हा निव्वळ जुलूम आहे. नवऱ्याच्या, डार्नलीच्या खुनावरून, त्या खुनाचा संशय ज्याच्यावर होता त्या बॉथवेल सरदाराशी लगेच केलेल्या लग्नावरून तिला हवे तेवढे प्रश्न विचारा. पण ती सही मी सही मानत नाही. सुटल्यावर तिनंही नाकारलीच. म्हणून या बेटाची गोष्ट सांगताना किल्ल्यांच्या आधी त्या कागदांचं सांगावं, असं मला फार वाटतं.

परतीच्या नावेत लेकीनं विचारलं, "मग ती परत राणी झाली का गं?"

नाही झाली. अकराव्या दिवशी लँगसाइडची लढाई हरली, आसऱ्याला इंग्लंडात गेली, आणि तिथं जवळजवळ १९ वर्षं पुन्हा कैदेतच राहिली. १५८७ मध्ये तिचा शिरच्छेद झाला.