‘बाई बॉस का नको?’ म्हणे!

‘बाई बॉस का नको? पाच वैज्ञानिक कारणं’ हा फॉरवर्ड मी आजवर चारदा न वाचता डिलीट केला. पाचव्यांदा तो भाचीने पाठवला, खाली एक ओळ लिहून : “मावशी, टीम लीडच्या पदाला नाही म्हणू का?” मग मात्र वाचावा लागला.

पहिलंच कारण सगळ्यात भंपक. बायकांचे हार्मोन्स वरखाली होतात, म्हणून निर्णय भावनेच्या भरात होतात! अहो, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन तर रोज वरखाली होतं, सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. म्हणून दुपारनंतर साहेबांच्या सह्या कोणी थांबवतं का? आणि भावना म्हणजे फक्त रडणं? टेबलावर मूठ आपटणं हा काय युक्तिवाद झाला? साहेब ओरडले की ‘कडक’, बाई ओरडली की ‘घरचा राग इथे काढते’. ब्रेस्कोल आणि उलमान या संशोधकांच्या २००८च्या प्रयोगांत हेच दिसलं. चिडलेल्या पुरुषाला लोकांनी वरचं स्थान दिलं, चिडलेल्या बाईला खालचं. त्याच्या रागाला परिस्थिती कारण, तिच्या रागाला तिचा स्वभाव. असं मोजणारे बायका-पुरुष दोघंही होते, हे विशेष.

‘धोका पत्करत नाहीत’ आणि ‘कठोर होता येत नाही’ ही दुसरी-तिसरी कारणं म्हणजे पहिल्यालाच नवं झबलं. बायका सरासरीने जरा जास्त विचारविनिमय करतात, हे अभ्यासांत दिसतं खरं. पण चारजणांना विचारून ठरवणं हा दोष कधीपासून झाला?

चौथं, ‘बायकाच बायकांचे पाय ओढतात’. असतात अशा, मीही एकीच्या हाताखाली दोन वर्षं काढली आहेत. पण वर बसायला एकीपुरतीच जागा ठेवली की दुसरं काय होणार? आणि पुरुषांनी एकमेकांचे पाय ओढले की त्याला ‘ऑफिस पॉलिटिक्स’ म्हणायचं.

पाचवं, ‘पुरुष नेते जास्त प्रभावी, हे सिद्ध झालंय’. कुठे? २०१४ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’त ९५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नेते म्हणून कोण किती प्रभावी वाटतं, यात एकूणात स्त्री-पुरुषांत फरक निघाला नाही. इतरांनी दिलेल्या गुणांत बायका पुढे होत्या. पुरुष पुढे होते ते स्वतःच स्वतःला दिलेल्या गुणांत. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा तेवढंच वाचलं असावं.

भाचीला कळवलंय : हो म्हण, आणि पगार किती वाढणार ते लेखी माग.